धावण्याच्या शर्यतीचं बोधचिन्ह: सुरुवात बिबपासून करा

शर्यतीचं बोधचिन्ह करायला घेतलं की बहुतेक जण लॅपटॉप उघडतात आणि पांढऱ्या चौकोनात पुढे झुकलेला, हातपाय फाकलेला एक माणूस बसवतात. मागे डोंगर, डोंगरामागे सूर्य, खाली झोकदार पट्टा. गावाचं नाव झाकलं तर हे चिन्ह साताऱ्याचं, सोलापूरचं की सुरतेचं, सांगता येत नाही. माझं मत असं की आपल्याकडच्या शर्यतीला वेगळं चित्र फार क्वचित लागतं. गावाचं नाव देवनागरीत नीट काढलं की तेच चिन्ह होतं. पण ते नीट काढायचं, तर ते कशावर आणि किती मापात छापलं जाणार हे आधी माहीत हवं. म्हणून सुरुवात बिबपासून, म्हणजे धावणाऱ्याच्या छातीवर टाचतात त्या क्रमांकाच्या तुकड्यापासून.

एक उदाहरण धरून चालू. समजा जुन्नरला अर्धमॅरेथॉन आहे. नाणेघाटाच्या रस्त्याने जाऊन परत यायचं, सोबत दहा आणि पाच किलोमीटरच्या धावा. शर्यत कल्पनेतली आहे. गाव, अक्षरं आणि छपाईच्या अडचणी खऱ्या आहेत.

आयोजकांबरोबरची पहिली बैठक

या बैठकीला स्केच घेऊन जाऊ नका, कोरा कागद घेऊन जा. बिब, टी-शर्ट, पदक, पदकाची फीत, किलोमीटरचे फलक, सुरुवातीची आणि शेवटाची कमान, पाण्याचे स्टॉल, स्वयंसेवकांच्या टोप्या, प्रमाणपत्र, इन्स्टाग्रामचा गोल डीपी: यातलं काय होणार आणि काय नाही, ते लिहून घ्या. प्रत्येकापुढे माप आणि छपाईची पद्धत लिहा. या यादीतली सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी वस्तू तुमच्या रेषेची जाडी ठरवणार आहे. इथे लहान म्हणजे सव्वा इंची फीत आणि मोठी म्हणजे वीस फुटी कमान. दोन्हीकडे टिकेल तेच चिन्ह.

दुसरं काम नावाचं. आयोजकांकडे नाव बहुधा दीड ओळीचं असतं: प्रायोजक, कोणाची तरी स्मृती, वर्ष, ‘भव्य’, ‘राज्यस्तरीय’, मग गाव, मग मॅरेथॉन. ते सगळं चिन्हात कोंबायचा प्रयत्न करू नका, पण नकारही देऊ नका. नावाचे तीन थर करा. पहिला थर चिन्हाचा: एक किंवा दोन शब्द. दुसरा पूर्ण नावाचा, साध्या फॉन्टमध्ये. तिसरा प्रायोजकाचा, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या उंचीत. हे पहिल्याच बैठकीत कागदावर आलं, तर शेवटच्या आठवड्यात प्रायोजकाचा लोगो तुमच्या अक्षरांच्या डोक्यावर येऊन बसत नाही.

जाता जाता एक गोष्ट: मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. पाच किलोमीटरच्या धावेला ‘मिनी मॅरेथॉन’ म्हणायची आपल्याकडे रीत पडली आहे आणि धावणारे त्यावर हमखास हसतात. ‘५ किमी धाव’ लिहा. अक्षरंही कमी लागतात.

विषय निवडताना

मार्गावरून एकदा पायी जा, शक्यतो शर्यतीच्या वेळेला, म्हणजे पहाटे. जुन्नरमध्ये पहिली नजर शिवनेरीवर जाते आणि पहिला मोह महाराजांच्या चित्राचा होतो. तो टाळा. बिब घामाने भिजतो, त्याला टाचण्या टोचतात, शर्यत संपली की तो रस्त्यावर पडतो. टी-शर्ट वर्षभराने फरशी पुसायला जातो. त्यावर महाराज असणं कोणालाच आवडणार नाही. शिवाय बोधचिन्हं आणि नावं यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा १९५०चा केंद्रीय कायदा आहे. व्यापारी कामासाठी परवानगीशिवाय वापरू नयेत अशा गोष्टींच्या त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. प्रायोजक आला की व्यापार आलाच.

दुसरा मोह बिबट्याचा. वेग आहे, डौल आहे, आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रामुळे जुन्नरचं नाव त्याच्याशी जोडलेलंही आहे. पण या तालुक्यात बिबट्याने माणसं आणि जनावरं नेली आहेत. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाच्या गावात तो टी-शर्टवर उड्या मारताना दाखवायचा की नाही, हे बाहेरच्या डिझायनरने ठरवू नये. मी तरी तो घेणार नाही.

मग उरतो नाणेघाट. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, पुढे झुकलेला नानाचा अंगठा नावाचा सुळका आहे, आणि लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेख आहे. त्या शिलालेखात दानांच्या मोजणीचे आकडे कोरलेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. धावणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य आकड्यांत चाललेलं असतं: किलोमीटर, मिनिटं, बिब क्रमांक. त्यामुळे इथे आकड्यांचा धागा आपोआप सापडतो. तो चिन्हात घालायचा नाही, पदकाच्या मागच्या बाजूसाठी राखून ठेवायचा. चिन्हात एकच गोष्ट: गावाचं नाव, आणि त्यात घाटाची चढण.

‘जुन्नर’ काढताना

आता कागद, पेन्सिल आणि कटनिब (चपट्या टोकाची निब) किंवा चपटा ब्रश. संगणक अजून बंद.

शब्द मोठा लिहून नुसता बघा. ‘जु’मध्ये ज, त्याचा काना, आणि खाली लोंबणारा उकार. मग ‘न्न’: पहिल्या न चा काना गळालेला, दुसऱ्याचा शाबूत. शेवटी र. शब्दाच्या डावीकडे दोन भक्कम उभे दंड, आणि उजवीकडे र चा तिरपा पाय मोकळ्या जागेत सुटलेला. धावपटूचा मागे रेटणारा पाय वेगळा काढायची गरजच नाही, तो अक्षरात आहे. तो थोडा लांबवा, टोकाला निमुळता करा. बूट घालू नका.

अडचण उकाराची. तो खाली जागा खातो आणि त्याच्याखाली ‘अर्धमॅरेथॉन’ची ओळ टाकली तर दोन्हींत नको तेवढं अंतर पडतं. ही ओळ उकाराच्या उजवीकडे, ‘न्नर’च्या खाली सरकवा. उकाराचं पोट आणि ओळीची सुरुवात एका पातळीवर आली की सगळा आकार एकसंध दिसतो. ‘चिपळूण’, ‘नागपूर’, ‘कोल्हापूर’ यांतही हाच प्रश्न येतो, फक्त उकाराची जागा बदलते. ‘पुणे’मध्ये वर मात्रा आणि खाली उकार दोन्ही असल्यामुळे शब्दाची उंची वाढते आणि मधल्या अक्षरांना कमी जागा मिळते. म्हणून देवनागरीचं माप घेताना शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची धरा. वर-खालच्या मात्रा त्यात मोजू नका.

वेग दाखवायला अक्षरं पुढे झुकवायची असतील तर आठ-दहा अंशांवर थांबा. संगणकावर नुसतं ‘स्क्यू’ केलं, म्हणजे अक्षर तिरकं ओढलं, की उभे दंड बारीक दिसू लागतात, न ची गाठ चेपते, आणि गोलाई एका बाजूला फुगते. झुकवलेलं अक्षर ट्रेसिंग पेपर ठेवून पुन्हा काढा, गाठी पुन्हा गोल करा, दंडांची जाडी पुन्हा सारखी करा. झुकवताना शिरोरेषा मात्र आडवीच राहू द्या, नाहीतर शब्द घसरतोय असं वाटतं.

घाटाची चढण कुठे दाखवायची? शिरोरेषेतच, मुद्दाम आणि अगदी मोजकी. ‘जु’वर ती सपाट, ‘न्न’वर किंचित चढती, ‘र’वर वरच्या पातळीला पुन्हा सपाट: माळ, चढ, घाटमाथा. चढ शब्दाच्या उंचीच्या दहाव्या भागाइतका पुरे. जास्त केला तर र उंच आणि ज खुजा दिसतो.

शिरोरेषेशी आणखी एक खेळ नेहमी केला जातो: ती काढूनच टाकायची, म्हणजे अक्षरं ‘आधुनिक’ दिसतात. ‘जुन्नर’मध्ये ते खपेलही. पण शर्यतीच्या नावात ‘धाव’ हा शब्द असेल तर हात आखडता घ्या. ध आणि घ, भ आणि म यांच्यातला फरक बराचसा डोक्यावरच्या रेषेत आहे: घ आणि म यांवर ती पूर्ण, ध आणि भ यांवर तुटलेली. रेषा काढली किंवा ढोबळ केली की ‘धाव’चा ‘घाव’ होतो, आणि तो कमानीवर वीस फुटांत होतो. रेषा काढायचीच असेल तर ध च्या डाव्या टोकाचं वळण ठळक करा आणि ज्याला नाव माहीत नाही अशा कोणाला तरी वाचायला द्या.

मराठी माणसाची नजर अक्षरांच्या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा तयार असते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं वर्तमानपत्रात बघत दोन पिढ्या वाढल्या. शब्दाचा स्वभाव अक्षरात उतरतो हे त्यांना शिकवावं लागत नाही. म्हणून तयार फॉन्टमध्ये नाव टाइप करून त्याला सावली आणि चमक देण्यापेक्षा हाताने काढलेले चार ओबडधोबड पर्याय आयोजकांपुढे ठेवा. ते बरोबर निवडतात.

संगणकावर आणताना

निवडलेलं स्केच स्कॅन करून पेन टूलने हाताने गिरवा. ऑटो-ट्रेसने, म्हणजे संगणकाला आपोआप गिरवायला लावलं तर, शेकडो फालतू बिंदू येतात आणि गाठींचे कोपरे मऊ होतात. मग तीन चाचण्या. एक, फक्त काळ्या रंगात छापा. दोन, १५ मिलिमीटर रुंदीत छापा आणि न ची गाठ भरली का बघा. तीन, ए-फोर कागदावर छापून भिंतीला लावा आणि दहा मीटरवरून डोळे बारीक करून बघा. यात नापास झालं तर रंग लावून ते सुधारणार नाही.

सोबतचा फॉन्ट आणि आकडे

चिन्ह हाताने काढलंत, पण किलोमीटरचे फलक, सूचना आणि प्रमाणपत्रं फॉन्टमध्येच होणार. मोफत आणि व्यावसायिक वापराला खुले असलेले चांगले देवनागरी फॉन्ट आज भरपूर आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘अनेक’ मला अशा कामाला सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण त्यात जाडीबरोबर रुंदीही बदलता येते: अरुंद फलकावर दाटीचा, कमानीवर पसरट, आणि तरी कुटुंब एकच. ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट मजकुरासाठी उत्तम. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ आणि ‘टेको’ दाटीच्या मथळ्यांना चांगले, पण सूचनांचा परिच्छेद त्यांत लावला तर डोळे शिणतात. दोनपेक्षा जास्त फॉन्ट घेऊ नका.

फॉन्ट पक्का करण्यापूर्वी त्यात ही ओळ टाइप करून बघा: ‘धावणाऱ्यांसाठी लिंबू सरबत, शौचालय, प्रथमोपचार’. ‘ऱ्यां’ नीट जुळतो का, आणि ल व श मराठी वळणाचे आहेत का, हे दिसेल. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की मराठी वळण येतं. वेलांटी चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षरं सुटी झाली तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमधून इंडिक पर्याय सुरू करून साउथ एशियन कंपोझर निवडावा लागतो. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये त्याला ‘वर्ल्ड-रेडी’ म्हणतात. डीटीपीवाल्याकडे जुन्या पद्धतीचा बिगर-युनिकोड फॉन्ट असेल तर तुमचा मजकूर तिथे चिकटवल्यावर अगम्य होतो. त्याला मजकूर पाठवू नका, तयार आकार पाठवा.

आकड्यांबाबत माझा निर्णय ठाम आहे: बिबवर इंग्रजी आकडे, बाकी जिथे शोभतील तिथे देवनागरी. बिब क्रमांक वाचणारे अनेक असतात: फोटोंतून क्रमांक ओळखणारं सॉफ्टवेअर, बाहेरगावचा वैद्यकीय चमू, मागच्या गाडीतला स्वयंसेवक. देवनागरी ४ घाईत इंग्रजी आठासारखा वाचला जातो, १ आणि ९ घामट कापडावर एकमेकांत मिसळतात. किलोमीटरच्या फलकावर ‘१८’ मात्र देखणा दिसतो, आणि तिथे गोंधळ नाही, कारण आधी १७ येऊन गेलेला असतो.

फलकाचं गणित सोपं आहे. किलोमीटरला सहा मिनिटं लावणारा माणूस सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास जातो. त्याला फलक तीस मीटरवरून वाचता आला तर हातात दहा-अकरा सेकंद असतात. पाट्यांच्या धंद्यातला ढोबळ हिशेब दहा फुटांना एक इंच अक्षर. तीस मीटर म्हणजे जवळजवळ शंभर फूट, म्हणजे आकडा दहा इंची हवा. साठ बाय नव्वद सेंटिमीटरच्या फलकावर तो आरामात बसतो, प्रायोजकासाठी खालची पट्टीही उरते. फलकांवर आयोजकांना घोषवाक्यं हवी असतात. ती कमी ठेवा. अठराव्या किलोमीटरला कोणी वाक्य वाचत नाही.

रंग

दोन रंग आणि काळा. जुन्नरसाठी मी पावसाळ्यानंतरच्या पठाराचा पिवळसर हिरवा आणि कातळाचा करडा घेईन. स्क्रीनवर चमकणारे पोपटी आणि नारिंगी चार रंगांच्या छपाईत मळतात, त्यामुळे निवड छापील शेड कार्डावरून करा. अंतराच्या गटांना वेगळे रंग देताना लाल आणि हिरवा ही जोडी टाळा. रंगांधळ्या स्वयंसेवकाला २१ आणि १० किलोमीटरच्या बिबमधला फरक कळायला हवा. रंगासोबत बिबवर अंतरही मोठं लिहा. तिरंग्याचे पट्टे वापरायचा आग्रह झाला तर शांतपणे टाळा. पहाटे साडेपाचला अंधार असतो, तेव्हा कमानीवर गडद पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरं वाचायला सोपी जातात.

वस्तूंवर उतरवताना

बिबच्या चारही कोपऱ्यांत टाचण्या येतात, म्हणून कडेपासून दीड-दोन सेंटिमीटर आत काहीही महत्त्वाचं नको. वीस सेंटिमीटर रुंद बिबवर चार आकडी क्रमांक निदान सात सेंटिमीटर उंच बसतो. क्रमांकामागे नक्षी, डोंगर, पाणचिन्ह काही नको. वर चिन्ह, खाली गट आणि प्रायोजक. मागच्या बाजूला रक्तगट आणि घरच्यांचा फोन लिहायला जागा सोडा, पण टायमिंगची चिप जिथे चिकटणार ती जागा आधी विचारून घ्या.

टी-शर्टवर बहुतेकांचं चुकतं ते एका साध्या कारणाने: छातीवर बिब लागणार हे डिझायनर विसरतो. मग सुंदर ‘जुन्नर’ कागदाखाली जातो आणि फोटोत फक्त र चा पाय दिसतो. नाव गळ्याखाली चार बोटांवर, आडवं, कमी उंचीचं ठेवा, किंवा मोठं चिन्ह सरळ पाठीवर न्या. धावताना मागचा माणूस तेच बघत असतो. सब्लिमेशन छपाई (उष्णतेने शाई कापडात उतरवायची पद्धत) पॉलिएस्टरवर आणि फिक्या कापडावरच उठते, पांढरा रंग त्यात छापता येत नाही. गडद कापड हवं असेल तर स्क्रीन प्रिंटिंग, आणि तिथे प्रत्येक रंगाचा वेगळा स्क्रीन, वेगळा खर्च. एकरंगी चिन्ह आधीच तपासून ठेवल्याचा फायदा इथे होतो.

पदक ओतीव धातूचं असेल तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेष ठेवू नका; न आणि म च्या गाठींत रंग भरतो आणि अक्षर आंधळं होतं. पुढे ‘जुन्नर’ उठावात, मागे नाणेघाटच्या शिलालेखावरून घेतलेले अंक. हे अंक काढताना इंटरनेटवरच्या नक्षीवर विसंबू नका. पुरालेखविद्येच्या पुस्तकातला तक्ता किंवा ठसा घ्या आणि लिपी जाणणाऱ्या कोणाकडून तपासून घ्या. चुकीचा अंक शेकडो घरांच्या भिंतींवर टांगला जाईल.

कमानीवर लोक मान वर करून बघत नाहीत, फोटोत बघतात. चिन्ह मधोमध ठेवा, आणि वेळेच्या घड्याळाने ते झाकलं जाणार नाही ना, हे मांडववाल्याला विचारा. फ्लेक्सला प्रत्यक्ष मापात इंचाला ७२ ते १०० पिक्सेल पुरतात.

फाइली देताना

फ्लेक्सवाल्याकडे बहुधा कोरलड्रॉ असतं, आणि त्याच्याकडची आवृत्ती तुमच्यापेक्षा जुनी असते. त्याला पीडीएफ द्या, सगळी अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून. प्रत्येक वस्तूची वेगळी, प्रत्यक्ष मापाची फाइल द्या. एकच चिन्ह देऊन ‘सगळीकडे लाव’ म्हटलं की तो जागा भरण्यासाठी ते ताणणार. फाइलच्या नावातच माप लिहा: ‘कमान २० बाय ४ फूट’, ‘फलक ६० बाय ९० सेंमी’. स्वतःकडे कर्व्ह न केलेली मूळ प्रत ठेवा, नाहीतर वेळ अर्ध्या तासाने बदलली की सगळं पुन्हा टाइप करावं लागतं.

व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलेलं चिन्ह दाबलं जातं आणि तेच धूसर चित्र कोणीतरी पदकवाल्याला पुढे ढकलतो. आयोजकांच्या गटावर एकच फोल्डरची लिंक टाका आणि जुन्या आवृत्त्या त्यातून काढून टाका. वर्ष आणि तारीख चिन्हात न घालता वेगळ्या थरावर ठेवली असेल, तर पुढच्या वर्षी तेवढा थर बदलून हेच फोल्डर पुन्हा देता येईल.